जुन्या पीसीसाठी मोफत अँटिव्हायरस निवडण्यापूर्वी

डॉस या विंडोजपूर्वीच्या प्रणालीवर चालणारा पीसी पुन्हा सुरू करायचा असो, की कपाटात पडून राहिलेल्या फ्लॉप्यांवरचे काम उतरवून घ्यायचे असो, आमचे ग्राहक एक प्रश्न हमखास विचारतात: त्या काळचे मोफत व्हायरस स्कॅनर अजून मिळतात, त्यांतला कोणता वापरावा? प्रश्न रास्त आहे. फ्लॉपीवरचा व्हायरस जुना झाला म्हणून निकामी होत नाही. १९८६ मधला ‘ब्रेन’ असो की त्यानंतरचा ‘स्टोन्ड’, बाधित फ्लॉपी ड्राइव्हमध्ये राहिली आणि तिच्यावरून संगणक सुरू झाला, की तो पूर्वीसारखाच कामाला लागतो.

एकच नाव सांगून हा प्रश्न मिटत नाही. स्कॅनर हाती आला की आम्ही आधी एवढेच पाहतो: ‘व्हायरस सापडला नाही’ असे त्याने सांगितले, तर त्या उत्तरावर कितपत विसंबायचे?

सुरुवात स्वच्छ फ्लॉपीवरून

हे उत्तर चुकते तेव्हा बऱ्याचदा दोष स्कॅनरचा नसतो, तो कोणत्या परिस्थितीत चालवला याचा असतो. व्हायरस आधीच मेमरीत बसला असेल, तर डिस्कवरचे जे काही स्कॅनरला दिसते ते व्हायरसच्या हातून आलेले असते. ब्रेन मेमरीत असताना बूट सेक्टर (संगणक सुरू होताना डिस्कवरचा सर्वांत आधी वाचला जाणारा भाग) वाचायला गेले, की तो बाजूला लपवून ठेवलेला मूळ, स्वच्छ सेक्टर पुढे करतो. ‘फ्रोडो’ हा व्हायरस तेच फाइलींच्या बाबतीत करतो. ‘डार्क अ‍ॅव्हेंजर’ हा बल्गेरियातला व्हायरस तर याहून घातक. तो मेमरीत असताना प्रोग्रॅमची फाइल नुसती उघडली तरी तिला लागण होते, आणि स्कॅनर तर प्रत्येक फाइल उघडूनच तपासतो. अशा वेळी तपासणी पूर्ण होईपर्यंत डिस्कवरचे झाडून सगळे प्रोग्रॅम बाधित झालेले असतात.

म्हणून संगणक आधी बटण दाबून पूर्ण बंद करा. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट पुरेसे नाही. १९९० मध्ये भारतात आढळलेला ‘जोशी’ व्हायरस त्यानंतरही मेमरीत टिकून राहतो. (५ जानेवारीला ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टाइप करायला लावणारा तो हाच.) मग राइट-प्रोटेक्ट केलेल्या डॉस फ्लॉपीवरून संगणक सुरू करा आणि स्कॅनरही राइट-प्रोटेक्ट केलेल्या फ्लॉपीवरूनच चालवा. साडेतीन इंची फ्लॉपीची खिटी सरकवून भोक उघडे ठेवायचे. सव्वापाच इंचीच्या कडेची खाच चिकटपट्टीने झाकायची. हा अडथळा ड्राइव्हच्या यंत्रणेतच असल्यामुळे कोणताही प्रोग्रॅम तो ओलांडू शकत नाही. दोन्ही फ्लॉप्या अर्थातच स्वच्छ संगणकावर तयार केलेल्या हव्यात.

चांगला स्कॅनर सुरू होताच आधी मेमरी तपासतो आणि स्वतःच्या फाइलीत काही फेरफार झाला आहे का तेही पाहतो. यातले काहीच न करणारा स्कॅनर आम्ही बाजूला ठेवतो, मग तो कितीही व्हायरस ओळखत असो.

तुम्हाला स्वतःला करता येईल अशीही एक तपासणी आहे. नेहमीप्रमाणे हार्ड डिस्कवरून संगणक सुरू करून डॉसमधला चेकडिस्क (CHKDSK) हा आदेश चालवा आणि एकूण मेमरीचा आकडा पाहा. ६४० केबीच्या संगणकावर तो ६,५५,३६० असायला हवा. स्टोन्डसारखा व्हायरस २ केबी बळकावतो, त्यामुळे तेथे ६,५३,३१२ दिसते. मात्र काही संगणकांचा बायोस (संगणकातच बसवलेला, तो सुरू करणारा प्रोग्रॅम) स्वतःच १ केबी राखून ठेवतो, त्यामुळे आकडा कमी दिसला म्हणजे व्हायरस आहेच असे नाही. संगणक स्वच्छ असताना येणारा आकडा लिहून ठेवा. पुढे तुलना त्याच्याशीच करायची.

‘मोफत’चे प्रकार

आइसलँडच्या फ्रिड्रिक स्कुलासन यांचा एफ-प्रॉट हा स्कॅनर घरगुती वापरासाठी मोफत होता, व्यवसायासाठी नव्हे. मॅकअ‍ॅफीचा स्कॅन शेअरवेअर होता, म्हणजे वापरून पाहा आणि पुढे वापरायचा असेल तर पैसे भरा. मॅकिंटॉशसाठी जॉन नॉर्स्टॅड यांनी लिहिलेला डिसइन्फेक्टंट सर्वांनाच मोफत होता. सोबतच्या मजकुराच्या फाइलीत अटी दिलेल्या असतात, त्या वाचा. प्रत कुठून घेता तेही महत्त्वाचे आहे. स्कॅनच्या नावाने घातक बनावट प्रती बुलेटिन बोर्डांवर (फोनवरून जोडून फाइली उतरवून घेण्याच्या त्या काळच्या सेवांवर) फिरल्या होत्या, आणि खरी प्रत ओळखता यावी म्हणून मॅकअ‍ॅफी ‘व्हॅलिडेट’ नावाचा प्रोग्रॅम देत असे.

कोणती आवृत्ती?

स्कॅनरला त्याच्या तारखेपर्यंतचेच व्हायरस माहीत असतात. १९९५ मध्ये वर्डच्या दस्तऐवजांतून पसरणारा ‘कॉन्सेप्ट’ आला. १९९३ च्या स्कॅनरला तो दिसणारच नाही. डिसइन्फेक्टंट असे मॅक्रो व्हायरस पकडत नसे, आणि १९९८ मध्ये नॉर्स्टॅड यांनी तो बंद करून लोकांना दुसरा स्कॅनर घ्यायला सांगितले. मोफत दिलेल्या कामाबद्दल इतका प्रामाणिकपणा आम्हाला फार मोलाचा वाटतो. तेव्हा तुमच्या प्रोसेसरवर आणि मेमरीत चालेल अशी सर्वांत शेवटची आवृत्ती घ्या.

फ्लॉपीची प्रतिमा (तिच्यावरचे सगळे जसेच्या तसे उतरवलेली एक फाइल) काढून ती आजच्या संगणकावर तपासणे हा मार्गही चांगला आहे. पण आजच्या स्कॅनरने प्रतिमेतला बूट सेक्टर पाहिलाच, असे धरून चालू नका.

आकडे आणि चाचणी फाइल

‘इतके हजार व्हायरस ओळखतो’ या दाव्यावर निवड करू नका. एकाच व्हायरसची किरकोळ फरकाची रूपे कोणी एक धरतो, कोणी दहा. त्यांतले बरेचसे फक्त संशोधकांच्या संग्रहात होते. लोकांच्या संगणकांवर प्रत्यक्ष कोणते आढळतात याची ‘वाइल्डलिस्ट’ जो वेल्स यांनी १९९३ मध्ये सुरू केली. त्या यादीतले सगळे पकडणारा स्कॅनर आम्हाला मोठ्या आकड्यापेक्षा जास्त उपयोगाचा वाटतो.

आयकार (EICAR) या अँटिव्हायरस संशोधकांच्या संस्थेची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी फाइल बरेच जण वापरतात. तिने स्कॅनर चालू आहे एवढेच कळते. तो किती चांगला आहे हे कळत नाही, आणि बूट सेक्टरची तपासणी तर होतच नाही. ती फाइल येण्यापूर्वीचे स्कॅनर तिला ओळखतही नाहीत, पण त्यामुळे ते वाईट ठरत नाहीत.

एकापाठोपाठ दोन स्कॅनर चालवणार असाल, तर मध्ये संगणक बंद करून पुन्हा सुरू करा. काही स्कॅनर व्हायरसच्या ओळखखुणा मेमरीत उघड्याच सोडून जातात, आणि दुसरा त्यांनाच व्हायरस समजतो.

सापडला तर लगेच पुसू नका

इथे सर्वांत जास्त नुकसान होते, म्हणून हे नीट वाचा. बूट सेक्टरमध्ये बसणाऱ्या व्हायरसवर डॉसचा ‘एफडिस्क /एमबीआर’ हा आदेश उपाय म्हणून सर्रास सांगितला जातो. स्टोन्डच्या बाबतीत तो बहुधा चालतो. ‘मंकी’ या व्हायरसने मात्र पार्टिशन टेबल (हार्ड डिस्कचे भाग कुठे आहेत याची नोंद) मूळ जागेवर ठेवलेले नसते, हा आदेश दिला की हार्ड डिस्क दिसेनाशी होते. ‘वन हाफ’ हा व्हायरस प्रत्येक वेळी संगणक सुरू होताना हार्ड डिस्कचा थोडा थोडा भाग कूटबद्ध करतो आणि तो मेमरीत असेपर्यंत सगळे सुरळीत वाचता येते. नुसता व्हायरस काढून टाकला, तर त्या भागाची किल्लीही त्याच्याबरोबर जाते. त्यामुळे सफाई करणारा स्कॅनर निवडताना तो कूटबद्ध भाग उलगडून मगच व्हायरस काढतो का, हे त्याच्या माहितीत शोधा.

प्रोग्रॅमच्या फाइलींना लागण झाली असेल, तर ‘दुरुस्त’ केलेल्या फाइलीपेक्षा मूळ फ्लॉपीवरून पुन्हा उतरवलेली प्रत केव्हाही बरी.

स्कॅनरने मंकी किंवा वन हाफ यांचे नाव घेतले, तर संगणक बंद करून तसाच आमच्याकडे आणा. येताना स्कॅनरचे नाव, आवृत्ती आणि पडद्यावर आलेला संदेश शब्दशः लिहून आणा. ‘व्हायरस आला’ एवढ्याने पुढचे पाऊल ठरवता येत नाही. जवळ असतील त्या मूळ डॉस फ्लॉप्याही सोबत आणा.