सर्पदंशावरील नवे संशोधन आणि घोणस : एक पार्श्वभूमी

2025 च्या जानेवारीत ‘नेचर’ या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. आदल्याच वर्षी रसायनशास्त्राचे नोबेल मिळालेले डेव्हिड बेकर आणि त्यांचे सहकारी यांनी संगणकावर सर्वस्वी नवी प्रथिने रचून त्यांच्या साहाय्याने नागाच्या कुळातील सापांच्या विषातले घातक घटक उंदरांत निष्प्रभ केले होते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ‘सेल’ या नियतकालिकात दुसरा प्रयोग आला. वर्षानुवर्षे स्वतःला सर्पविष टोचून घेतलेल्या एका अमेरिकी माणसाच्या रक्तातून मिळवलेली दोन प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) आणि वारेस्प्लॅडिब हे औषध एकत्र दिल्यावर 19 जातींच्या विषांपासून उंदरांना पूर्ण किंवा अंशतः संरक्षण मिळाले. ‘सर्व सापांवर एकच लस’ असा त्याचा गाजावाजा झाला. मात्र त्या 19 जाती कोणत्या, हे फारसे कोणी सांगितले नाही. दोन्ही प्रयोग नाग आणि मण्यार यांच्या कुळापुरते आहेत. घोणस आणि फुरसे हे वेगळ्या कुळातले साप त्यांत नाहीत.

सोलापूर जिल्ह्याच्या दृष्टीने ही उणीव लहान नाही. 1980 मध्ये उजनी धरण पूर्ण झाल्यावर भीमेच्या पाण्यावर माढा, पंढरपूर, माळशिरस या भागांत ऊस वाढला, आणि उसाच्या फडात उंदीर असतात तेथे त्यांच्या मागावर घोणस येते. पाचटाच्या रंगात ती सहज दिसत नाही आणि चाहूल लागल्यावर पळण्याऐवजी बहुधा जागीच फुत्कारत राहते. शेतीपंपाची वीज रात्रपाळीची असेल, तर पिकाला पाणी देण्यासाठी दारे धरणाऱ्याचा पाय तिच्यावर पडण्याची शक्यता आणखी वाढते. जिल्ह्यातील शेटफळचे नाग देशभर गाजले आहेत, आणि त्या वर्णनांत अतिशयोक्तीही पुष्कळ आहे. घोणशीला असा लौकिक नाही. तरीही भारतातील सर्पदंशांच्या नोंदींत जात ओळखली गेली तेथे घोणशीचाच वाटा सर्वांत मोठा आढळतो.

औषध एका सापाचे आणि दंश दुसऱ्याचा, ही अडचण मुळात सव्वाशे वर्षे जुनी आहे. सायगावच्या पाश्चर संस्थेत काम केलेल्या आल्बेर काल्मेत यांनी 1894 मध्ये नागाच्या विषावरील रक्तजल (विष टोचलेल्या जनावराच्या रक्तातून काढलेले सीरम) जाहीर केले; त्याच सुमारास पॅरिसमध्ये फिसालिक्स आणि बर्त्रां यांनीही स्वतंत्रपणे तसेच निष्कर्ष मांडले. आपले रक्तजल कोणत्याही सापावर चालेल, असे काल्मेत यांचे म्हणणे होते. ते टिकले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात जॉर्ज लँब यांनी प्रयोगांती दाखवून दिले की नागावरचे रक्तजल घोणशीच्या विषापुढे निरुपयोगी ठरते. नागाचे विष प्रामुख्याने चेतातंतू आणि स्नायू यांच्यातील संदेश रोखते, तर घोणशीचे विष रक्त गोठवणाऱ्या घटकांचा फडशा पाडते आणि मूत्रपिंडांना इजा करते.

यावर निघालेला तोडगा आजही चालू आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांचे विष वाढत्या मात्रेत घोड्याला टोचायचे आणि त्याच्या रक्तातील प्रतिपिंडे शुद्ध करून त्यांची भुकटी व्हायलमध्ये (औषधाच्या लहान बाटलीत) भरायची, अशी ही पद्धत आहे. ठरवून दिलेल्या मानकानुसार या प्रतिविष लशीच्या 1 मिलिलिटरने नाग आणि घोणस यांचे प्रत्येकी 0.6 मिलिग्रॅम, तर मण्यार आणि फुरसे यांचे प्रत्येकी 0.45 मिलिग्रॅम विष निष्प्रभ व्हावे लागते. त्यासाठी लागणारे विष मात्र दीर्घकाळ मुख्यतः चेन्नईजवळच्या, 1978 मध्ये स्थापन झालेल्या इरुला सर्पपकड्यांच्या सहकारी संस्थेकडूनच येत राहिले. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले आहे. त्यामुळे तमिळनाडूच्या विषापासून केलेली लस सर्वत्र सारखीच लागू पडेल, असे गृहीत धरता येत नाही.

ग्रामीण रुग्णालयात घोणस आणि फुरसे यांच्या विषाची ओळख आजही साध्या काचेच्या परीक्षानळीत होते. कोरड्या, स्वच्छ नळीत 2 मिलिलिटर रक्त घेऊन ती 20 मिनिटे अजिबात न हलवता ठेवतात आणि मग एकदाच तिरपी करतात. रक्त पाण्यासारखे वाहिले, तर घोणस किंवा फुरसे यांचे विष भिनले आहे असे मानून लस सुरू करतात. पहिल्याच खेपेला 8 ते 10 व्हायल लागतात. मण्यारीच्या दंशात ही नळी काहीच सांगत नाही. तेथे मिटू लागलेल्या पापण्यांवर लक्ष ठेवावे लागते.

घोणशीच्या संदर्भात ‘सेल’मधील प्रयोगातल्या प्रतिपिंडांपेक्षा त्या मिश्रणातील वारेस्प्लॅडिब अधिक महत्त्वाचे वाटते. हृदयविकारासाठी तपासून सोडून दिलेले हे औषध फॉस्फोलायपेज ए2 या विकराला (एन्झाइमला) रोखते आणि हे विकर नाग आणि घोणस या दोघांच्याही विषात असते. शिवाय ते तोंडावाटे देता येते, म्हणजे फडापासून तालुक्याच्या रुग्णालयापर्यंतचा किंवा सोलापूरच्या सिव्हिलपर्यंतचा वेळ फुकट जाणार नाही. भारत आणि अमेरिकेत रुग्णांवर झालेल्या चाचणीत मुख्य उद्दिष्ट गाठले गेले नाही. दंशानंतर पाच तासांच्या आत औषध मिळालेल्यांत मात्र आशादायक चिन्हे दिसली. केंद्र सरकारच्या मार्च 2024 च्या कृती आराखड्यात 2030 पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे लक्ष्य असून, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्यांना सर्पदंशाची नोंद सक्तीची करण्यास सांगण्यात आले.