पुणे जिल्ह्याएवढी जागा आणि माणसं साडेपाच हजार

पुणे जिल्ह्याचं क्षेत्रफळ 15,643 चौरस किलोमीटर, आणि 2011 च्या जनगणनेत तिथं माणसं होती 94 लाखांच्या वर. आता जवळपास तेवढीच जागा घ्या, फार तर शंभरेक चौरस किलोमीटर इकडंतिकडं, आणि तिच्यात माणसं ठेवा फक्त 5,455. ही झाली अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातली चेरी काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग), आकडा 2020 च्या जनगणनेचा. त्यातही जवळजवळ निम्मे लोक व्हॅलेंटाइन नावाच्या एकाच गावात राहतात, तेच काउंटीचं मुख्य ठिकाण. उरलेले साधारण 2,800 बाकी सगळ्या मुलखात पसरलेले, म्हणजे गाव सोडलं की डोई पाच चौरस किलोमीटरच्या वर जागा येते.

असं काही वाचलं की पहिला अंदाज काय येतो, तर वाळवंट असेल, नाहीतर बर्फाळ डोंगर असतील, नाहीतर घनदाट जंगल. यातलं काहीच नाहीये. हिरव्या गवताच्या टेकड्या आहेत, बारमाही नद्या आहेत, शेकड्यांनी तळी आहेत, आणि खाली भूजल इतकं की आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला हेवा वाटावा. मग माणसं का नाहीत? मला विचाराल तर इथं किती माणसांनी राहायचं हे सरकारनं किंवा बाजारानं फारसं ठरवलेलंच नाही, ते ठरवलंय गवतानं, आणि गवताखालच्या वाळूनं.

हो, वाळू. या भागाला सँडहिल्स म्हणतात. सगळा मिळून साधारण 50,000 चौरस किलोमीटरचा पट्टा आहे, नेब्रास्काचा जवळपास चौथा हिस्सा, आणि चेरी काउंटीचा बहुतेक भाग त्यातच येतो. लांबून दिसतात त्या साध्या गवताळ टेकड्या, पण त्या खऱ्याखुऱ्या वाळूच्या टेकड्या आहेत, वाऱ्यानं रचलेल्या, काही 100 मीटरपेक्षा उंच आणि वीस-तीस किलोमीटर लांब. पश्चिम गोलार्धातलं हे सगळ्यात मोठं वाळूच्या टेकड्यांचं क्षेत्र. फरक एवढाच की ते सध्या गवताच्या मुळांनी बांधून ठेवलंय.

सध्या म्हणतोय कारण हे कायमचं नाही. साधारण 1000 ते 700 वर्षांपूर्वी, म्हणजे आपल्याकडं यादवांचं राज्य होतं त्याच्या आगेमागे, इथलं गवत मरून गेलं होतं आणि या टेकड्या परत चालायला लागल्या होत्या. हे कळतं कसं? वाळूचा क्वार्ट्झचा कण जमिनीत गाडला गेला की आजूबाजूच्या मातीतल्या किरणोत्सर्गामुळं त्यात थोडी थोडी ऊर्जा साठत जाते, उन्हात आला की ती सगळी निघून जाते आणि हिशोब पुन्हा शून्यावर येतो. म्हणून शास्त्रज्ञ टेकडीच्या आतली वाळू उजेड लागू न देता काढतात, प्रयोगशाळेत तिच्यावर प्रकाश सोडतात आणि ती किती चमकते ते मोजतात, त्यावरून या कणानं शेवटचं ऊन कधी पाहिलं ते कळतं. शिवाय टेकड्यांच्या दिशेवरून तेव्हाचा वारा कळतो. आज उन्हाळ्यात इथं दक्षिणेकडून वारा येतो आणि मेक्सिकोच्या आखातातली ओल घेऊन येतो, पण त्या काळातल्या टेकड्यांची ठेवण सांगते की वारा नैर्ऋत्येकडून येत होता, कोरडाठाक. 2006 साली सायन्स नियतकालिकात यावर शोधनिबंध आला होता. म्हणजे वाऱ्यानं थोडी दिशा काय बदलली, आणि तो बदल काही पिढ्या टिकला, तर एवढा मोठा हिरवा मुलूख पार उघडा पडला.

आता पाऊस बघा. वर्षाला साधारण 50 सेंटीमीटर, त्यातला बराचसा मे ते जुलैमध्ये, आणि पुष्कळदा रात्रीच्या वादळी सरींनी. एवढ्याशा पावसात चिकणमातीच्या जमिनीवर आखूड गवतच येतं, पश्चिमेकडच्या कोरड्या मैदानांवर तसंच आहे. पण इथं सँड ब्लूस्टेमसारखं कमरेएवढं वाढणारं गवत येतं, जे खरं तर जास्त पावसाच्या पूर्वेकडं शोभलं असतं. वाळूत पाणी टिकत नाही असं आपण लहानपणापासून शिकतो आणि दमट हवेत ते बरोबरही आहे, पण कोरड्या हवेत गणित उलटं होतं. चिकणमातीवर पडलेला पाऊस वरच्या थरातच अडकतो, काही वाहून जातो आणि राहिलेला ऊन-वारा दोन दिवसांत उडवून नेतो. वाळूत तेच पाणी झपकन खाली उतरतं, वरचा थर लगेच सुकतो आणि तो सुका थर झाकणाचं काम करतो, खालचं पाणी वर ओढलं जात नाही. ज्याची मुळं खोल त्याला ते मिळतं. वाहून जाणारं पाणी जवळपास नाहीच, टेकड्यांवर ओढे-नाले शोधून सापडत नाहीत.

मुळांच्याही खाली जे उतरतं ते जातं ओगलाला नावाच्या भूजल साठ्यात. हा साठा टेक्सासपासून दक्षिण डकोटापर्यंत आठ राज्यांखाली पसरलाय, पण त्यातलं साधारण दोन तृतीयांश पाणी एकट्या नेब्रास्काखाली आहे आणि सँडहिल्स ही तिथली भरण्याची जागा. दक्षिणेकडं टेक्सास-कॅन्ससमध्ये उपसा करून पातळी पार खाली गेलीय, इथं मात्र दोन टेकड्यांमधल्या खोलगट जागेत पाणी आपणहून वर येतं, कुठं तळं होतं, कुठं पाणथळ कुरण. नद्यांचंही तसंच. लूप आणि तिच्या उपनद्या पावसावर कमी आणि पाझरावर जास्त चालतात म्हणून त्यांना पूर फारसा नाही आणि त्या आटतही नाहीत. उत्तरेला नायोब्रारा नदी आहे, तिच्या दक्षिण काठावरच्या थंड झऱ्यांच्या सावलीत पेपर बर्चची झाडं आहेत, हिमयुगातून मागं राहिलेली. जवळपास कुठं त्यांचं कुणी नातेवाईक नाही. त्याच दरीत पश्चिमेकडचे पाँडेरोसा पाइन आणि पूर्वेकडची पानगळीची झाडं शेजारी शेजारी उभी दिसतात.

हवा मात्र अजिबात मवाळ नाही. समुद्र सगळीकडून लांब, पश्चिमेला रॉकी पर्वत ओल अडवून धरतो आणि उत्तर ध्रुवाकडून येणाऱ्या थंड हवेला वाटेत अडवायला काहीच नाही. व्हॅलेंटाइनमध्ये पारा शून्याखाली 35 च्याही खाली गेलाय आणि 43 च्या वरही गेलाय, एकाच गावात. 1948-49 च्या हिवाळ्यात एकामागून एक हिमवादळं आली, बर्फात अडकलेल्या गुरांसाठी लष्कराला विमानांतून गवताचे गठ्ठे टाकावे लागले आणि रस्ते मोकळे करायला बुलडोझर लावावे लागले.

एवढं पाणी, एवढं गवत, तर शेती का नाही केली कुणी? केली की, आणि तीच खरी गोष्ट आहे.

हा मूळचा लाकोटा आणि इतर आदिवासी जमातींच्या शिकारीचा, बायसन या रानगव्यासारख्या जनावराचा मुलूख. लाकोटांना हटवून दक्षिण डकोटातल्या राखीव भूभागांत ठेवलं गेलं, रोझबड आणि पाइन रिज हे दोन्ही आजही चेरी काउंटीच्या उत्तर सीमेला लागूनच आहेत. गुराखी सुरुवातीला सँडहिल्सच्या आत जायला घाबरायचे, सगळ्या टेकड्या एकसारख्या, आत गेलेलं जनावर गेलंच म्हणून समजायचं. 1879 च्या मार्चमध्ये हिमवादळानं गुरं आत पळाली, त्यांना शोधायला माणसं गेली तर गुरं मेलेली नव्हतीच, उलट चांगली गुबगुबीत झाली होती, आणि त्यांच्यासोबत आधीच्या वर्षांत हरवलेलीही सापडली. तिथून मोठ्या रँचवाल्यांचा, म्हणजे गुरं पाळायची विस्तीर्ण कुरणं चालवणाऱ्यांचा जमाना सुरू झाला, सरकारी जमिनीला खुशाल तारेचं कुंपण घालून वापरायचे.

मग 1904 मध्ये किंकेड कायदा आला. मोझेस किंकेड हे अमेरिकेच्या संसदेतले, म्हणजे तिथल्या काँग्रेसमधले, इथले प्रतिनिधी. 1862 च्या होमस्टेड कायद्यानं कुटुंबाला 160 एकर मिळायचे, वाळूत तेवढ्यावर कुणाचं भागणार नाही हे वॉशिंग्टनला इतक्या वर्षांनी कळलं आणि त्यांनी पश्चिम नेब्रास्कापुरते 640 एकर केले. पाच वर्षं राहा, जमिनीत सुधारणा करा, जमीन तुमची. लोक तुटून पडले. लाकूड नव्हतं म्हणून गवताची मुळांसकट ढेकळं कापून त्यांची घरं बांधली, जळणाला गुरांचं वाळलेलं शेण. 1907 पासून काउंटीत नॉर्थ लूप नदीकाठी डिविटी नावाची कृष्णवर्णीय कुटुंबांची वस्ती उभी राहिली, नेब्रास्कातली त्यांची सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जास्त टिकलेली. 1920 मध्ये काउंटीची लोकसंख्या 11,500 च्या वर पोचली होती, आजच्या दुपटीहून जास्त.

आणि तिथून ती उतरली ती उतरतीच आहे. कारण साधं आहे. एक गाय आणि तिचं वासरू यांना वर्षभर सांभाळायला इथं ढोबळमानानं 15 ते 20 एकर कुरण लागतं. भागाकार करा, 640 एकरांत तीस-चाळीस गायी. एवढ्यावर घर चालत नाही. म्हणून लोकांनी नांगर धरला, आणि वाळूवरचं गवत उपटलं की दोन-तीन हंगामांत शेत वाऱ्यावर. हळूहळू एकेकानं शेजाऱ्याला जमीन विकली, डिविटीही 1930 च्या दशकात रिकामी झाली, आणि रँच परत मोठ्या होत गेल्या. 1970 च्या दशकात गोल फिरणारे सेंटर पिव्हट सिंचनाचे पाइप आले तेव्हा परत तोच प्रयोग झाला, यावेळी विजेच्या पंपानं, मका लावून, आणि बऱ्याच ठिकाणी परत तीच वाळू उघडी पडली. 640 हा आकडा 160 पेक्षा शहाणा होता, पण तोही ऑफिसात बसून काढलेलाच.

आज इथल्या रँच हजारो एकरांच्या असतात. मांसासाठीच्या गायी काउंटीत दीड लाखांच्या वर, अमेरिकेतल्या सगळ्या काउंट्यांमध्ये पहिला नंबर, म्हणजे माणशी तीसेक गायी. टेकड्यांवर पवनचक्क्या जमिनीतलं पाणी गुरांच्या हौदात ओढतात, जुलैत पाणथळ कुरणातलं गवत कापून हिवाळ्यासाठी गठ्ठे बांधून ठेवतात. आणि सगळ्यांचं लक्ष एका गोष्टीवर, ब्लोआउट. गुरं रोज एकाच वाटेनं कुंपणाकडं किंवा हौदाकडं जातात, गवत तुडवलं जातं, टेकडीच्या खांद्यावर घमेल्याएवढी वाळू उघडी होते, वारा त्यात बोट घालतो आणि बघता बघता तिथं ट्रक मावेल एवढा खड्डा पडतो, त्याच्या पुढची वाळू बाजूच्या गवतावर जाऊन बसते आणि तेही मरतं. मग रँचवाला तिथं कुंपण घालून गुरं अडवतो, खराब झालेलं गवत पसरतो, गाडीचे जुने टायर आणून खड्ड्यात टाकतो, वारा मोडायला. नवख्याला वाटेल भंगार फेकलंय, पण तो टेकडीवरचा इलाज असतो.

यात एक गंमत आहे. ब्लोआउट पेन्स्टेमॉन नावाचं एक रोप आहे, फिकट जांभळ्या सुवासिक फुलांचं, ते जगतं फक्त अशा उघड्या हलत्या वाळूतच, आजूबाजूला गवत दाट झालं की संपलं. लोकांनी वणवे विझवले, चराई नीट केली, ब्लोआउट बुजवले, आणि हे रोप इतकं कमी झालं की 1940 पर्यंत ते नामशेष झालं असं धरून चालले होते. 1968 मध्ये परत सापडलं, 1987 मध्ये धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत गेलं. चांगल्या रँचवाल्यानं जमीन सांभाळली म्हणून रोप अडचणीत आलं, आता दोष कुणाला द्यायचा! वणवे थांबल्याचा दुसरा परिणाम उलट्या बाजूचा, ईस्टर्न रेडसीडरची झाडं कुरणांत घुसतायत, आणि झाडाखाली गवत येत नाही म्हणजे गायींचा हिशोब पुन्हा बदलणार.

राहणाऱ्यांचं आयुष्य अंतरात मोजलं जातं. काउंटीच्या पूर्व भागात एक वेळ आणि पश्चिम भागात तासभर मागं, कारण टाइम झोनची रेषा मधूनच जाते, त्यामुळं भेटायची वेळ ठरवताना कुणाची वेळ हे आधी विचारावं लागतं. कोडी नावाचं दीडशेच्या आसपास वस्तीचं गाव आहे, व्हॅलेंटाइनपासून साधारण 60 किलोमीटर. तिथं किराणा दुकान नव्हतं, दूध-भाजीला येऊन-जाऊन सव्वाशे किलोमीटर कोण करणार, मग गावानं पेंढ्याच्या गठ्ठ्यांच्या भिंतींचं दुकान बांधलं आणि 2013 पासून ते शाळेतली मुलं चालवतात, माल मागवण्यापासून गल्ल्यावर बसण्यापर्यंत. व्हॅलेंटाइनला फेब्रुवारीत नावाचा फायदा होतो, पोस्टाचा खास शिक्का मारून घ्यायला लोक लांबून पाकिटं पाठवतात, आणि उन्हाळ्यात मेरिट जलाशयावर 1994 पासून आकाशनिरीक्षकांचा मेळावा भरतो, अंधार इतका चांगला आहे.

लोकसंख्या अजून खाली जातेच आहे, 2010 मध्ये 5,713 होती, दहा वर्षांत अडीचशेच्या वर कमी. एका ट्रॅक्टरनं चार माणसांचं काम होतं, रँच विकत घ्यायची तर कोट्यवधींचा मामला, आणि दोन-तीन भावंडांतल्या एकालाच ती पुरते. बाकीच्यांनी लिंकन नाहीतर ओमाहा शहर गाठायचं. गायींचा आकडा मात्र फारसा हलत नाही, कारण टेकड्यांवर गवत जेवढं होतं तेवढंच आहे.