लुगोसीला सुळे नव्हते

व्हॉट्सअ‍ॅपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक फोटो फिरून येतो. लाल डोळे, ओठांच्या कडांनी ओघळलेलं रक्त, बाहेर आलेले सुळे, आणि खाली ओळ: ‘बेला लुगोसी, ड्रॅक्युला, 1931’. फोटो रंगीत. आता 1931 च्या त्या सिनेमात रंग नाही, सुळे नाहीत, आणि ड्रॅक्युलाच्या तोंडाला रक्ताचा थेंबसुद्धा लागलेला दिसत नाही. फोटोतला माणूस ब्रिटिश नट क्रिस्टोफर ली आहे आणि सिनेमा 1958 चा, म्हणजे मधे 27 वर्षं आणि अख्खा अटलांटिक महासागर. मी इमानेइतबारे दुरुस्ती करतो. कुणीतरी अंगठा टाकतं. मग तीन महिन्यांनी तोच फोटो, तीच ओळ.

खरं तर लोकांच्या डोक्यात ‘तो जुना ड्रॅक्युला’ म्हणून जो बसलाय, तो कुठल्याच एका सिनेमात नाही. बोलण्याची ढब लुगोसीची, सुळे लीचे, उन्हात खाक होणं 1922 च्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन मूकपटातलं, आणि ती ताठ कॉलरची केप रंगभूमीवरची. (नाटकात ड्रॅक्युला सगळ्यांदेखत गायब व्हायचा. कॉलर उंच असली की मागून नटाचं डोकं दिसत नाही. तो खालच्या झडपेतून सटकायचा आणि केप तेवढी इतरांच्या हातात राहायची. एवढा साधा हिशेब.) चार घरचं मागून आणलेलं हे ध्यान आपण एकाच माणसाच्या नावावर खपवतो.

लुगोसीबद्दल फार सांगत नाही, तो तुम्हाला ठाऊक आहे. चापून बसवलेले केस, हंगेरियन हेल, शब्दाशब्दामध्ये घेतलेला तो जीवघेणा विराम. युनिव्हर्सलचा सिनेमा, दिग्दर्शक टॉड ब्राउनिंग, कॅमेरा कार्ल फ्रॉइंड. ब्रॉडवेवर 1927 मध्ये त्यानं ही भूमिका नाटकात केली आणि पुढे सिनेमासाठी सात आठवड्यांचे मिळून 3,500 डॉलर घेतले. पडद्यावर काउंट ड्रॅक्युला म्हणून तो मोठ्या सिनेमांत दोनदाच आला: 1931 ला, आणि 1948 ला एका विनोदी सिनेमात. लीनं हॅमर या ब्रिटिश कंपनीसाठी ही भूमिका सात वेळा केली. क्विझमध्ये ‘सर्वांत जास्त वेळा कोण?’ विचारलं की अर्धा हॉल लुगोसी ओरडतो, म्हणून सांगून ठेवलं.

नावांच्या आणि नात्यांच्या फरकावर कृपा करून कुणी निबंध लिहू नये. 1931 मध्ये ड्रॅक्युलाच्या किल्ल्यावर रेनफिल्ड जातो, 1958 मध्ये हार्कर. पहिल्यात मीना डॉक्टर सीवर्डची मुलगी, दुसऱ्यात आर्थर होमवुडची बायको. 1958 च्या सिनेमात जहाज नाही, लंडन नाही, वटवाघूळही नाही. पैसे कमी होते, विषय संपला. शिवाय दोन्ही सिनेमांचं नाव एकच. म्हणून तर अमेरिकेत 1958 चा सिनेमा ‘हॉरर ऑफ ड्रॅक्युला’ या नावानं लावावा लागला. गोंधळ होणार हे वितरकांना तेव्हाच कळलं होतं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. गोंधळ सुळ्यांचा नाहीच, सुळे फक्त खूण आहेत. खरी गल्लत या वाक्यात आहे: ‘दोन्ही ड्रॅक्युला बायकांना भुलवतात.’ चांगले दर्दी लोकही हे बोलतात आणि मग लुगोसीचा सिनेमा ‘संथ’ आणि लीचा ‘भडक’ ठरवून मोकळे होतात.

दोन्ही सिनेमांत एक प्रसंग जवळजवळ सारखा आहे. आजारी तरुणी पलंगावर पडलीय. ड्रॅक्युलाच्या मागावर असलेल्या व्हॅन हेल्सिंगनं बजावून ठेवलंय की खिडक्या बंद ठेवा आणि ही औषधी फुलं अजिबात हलवू नका. 1931 मध्ये ती वुल्फ्सबेनची, 1958 मध्ये लसणाची. दोन्हीकडे घरात कामाला असलेली बाई ती फुलं दूर करते, खिडकी उघडते, आणि घात होतो. प्रसंग तोच, पण त्या बाईनं हे का केलं ते बघा.

1931 मध्ये परिचारिका हे करते कारण ड्रॅक्युलानं तिच्यावर नजर रोखून तिला तसा हुकूम दिलाय. तिच्या चेहऱ्यावर काही नाही. हात तिचे, मर्जी त्याची. लुगोसी हेच करत राहतो. लंडनमधल्या नाट्यगृहात जागा दाखवणाऱ्या मुलीला तो असाच निरोप्या बनवतो. व्हॅन हेल्सिंगवरही तोच प्रयोग करतो. म्हातारा दोन पावलं ओढला जातो, थांबतो, परत मागे जातो. काउंट कबूल करतो की याची इच्छाशक्ती दांडगी आहे. मला विचाराल तर सिनेमातली खरी मारामारी ती. कुणी कुणाला हात लावत नाही. म्हणून तर फ्रॉइंडनं लुगोसीच्या डोळ्यांवर बारीक झोत टाकलेत, दातांवर नाही. याला दातांची गरजच नाही. त्याचं तोंड मानेपाशी येतं आणि दृश्य तिथेच तुटतं, कारण काम आधीच उरकलेलं असतं.

1958 मध्ये फुलं काढते ती गेर्डा, घरची मोलकरीण. तिच्यावर कुणी मंत्र टाकलेला नाही, ड्रॅक्युलाचा तर मागमूसही नाही. तिच्या हातापाया पडते ती आजारी लूसी स्वतः. मला श्वास घेता येत नाही, हा वास सहन होत नाही, ने ना हे सगळं. गेर्डाला दया येते. सकाळी लूसी मेलेली असते. त्याआधी एका रात्री तर ही मुलगी आपल्या हातानं दार उघडते, गळ्यातला क्रूस काढून ठेवते आणि पलंगावर पडून वाट बघते. बाहेर वाळलेली पानं उडताहेत, बस. दिग्दर्शक टेरेन्स फिशर आपल्याला बराच वेळ ते रिकामं दार बघायला लावतो.

म्हणजे लुगोसी दार उघडायला लावतो. लीला दार उघडून मिळतं.

फरक इथे आहे आणि बाकीचं सगळं यातून निघतं. लुगोसीच्या सिनेमातली भीती ही की आपला हात आपला राहणार नाही. लीच्या सिनेमातली भीती ही की हात आपलाच असेल. पीटर कुशिंगचा व्हॅन हेल्सिंग याला सरळ व्यसन म्हणतो, अमली पदार्थांशी तुलना करतो: बळीला स्वतःची किळस येते, पण सोडवत नाही. आणि मग मीना. रात्रभर बाहेर राहून ती सकाळी घरी येते, फरची कॉलर मानेशी घट्ट वर ओढलेली, आणि ओठांवर एक अर्धवट हसू. नवरा विचारतो आहे, ती टाळते आहे. भुताखेतांचा संबंध नसलेल्या सिनेमातही हा प्रसंग जसाच्या तसा चालला असता, आणि तेवढाच अस्वस्थ करून गेला असता. ब्रिटिश सेन्सॉरनं ‘एक्स’ प्रमाणपत्र दिलं. सगळे म्हणतात रक्तासाठी, पण मला त्या हसण्याचा संशय आहे.

कुणी म्हणेल, 1931 ची लूसीही काउंटवर भाळलेली असतेच की. असते. पण ते भाळणं चहापानाच्या गप्पांतलं, मैत्रिणीला सांगण्यापुरतं. पुढचं सगळं हुकमावर चालतं.

एकदा हे डोक्यात ठेवलं की दोघांचा प्रवेशही वेगळा दिसायला लागतो. दोन्हीकडे किल्ला, दोन्हीकडे जिना. लुगोसी हातात मेणबत्ती घेऊन पायऱ्यांवर उभा आहे, नाव सांगतो, स्वागत करतो, वळून वर जातो. वाटेत भलंमोठं कोळीष्टक आहे. पुढच्या क्षणी तो त्याच्या पलीकडे दिसतो, आणि एक धागा तुटलेला नाही. मागून येणाऱ्या रेनफिल्डला मात्र काठीनं ते फाडावं लागतं. सिनेमातला सगळ्यात भारी चमत्कार हा, आणि निम्मे लोक तेव्हा पॉपकॉर्नच्या पिशवीत बघत असतात.

ली जिन्याच्या माथ्यावर काळ्या आकृतीसारखा उभा राहतो, आपण सावरून बसतो. आणि तो भरभर पायऱ्या उतरत खाली येतो, उजेडात येतो, तर समोर साडेसहा फुटांच्या जवळपासचा एक देखणा, अदबशीर गृहस्थ. स्वच्छ इंग्रजीत पाहुण्याची विचारपूस करतो, सामान उचलायला पुढे होतो. असा यजमान असेल तर दार कोण बंद ठेवेल? पुढे ग्रंथालयात दार धाडकन उघडतं आणि तोच माणूस रक्ताळलेल्या तोंडानं टेबलावरून झेप घेतो, तेव्हा सुळ्यांना अर्थ येतो. हार्करशी सुरुवातीला जे बोलतो तेवढंच. पुढच्या अख्ख्या सिनेमात त्याला एक वाक्य नाही. ज्याची लोक आपणहून वाट बघतात त्याला बोलायची गरज काय?

(‘सुळेवाला पहिला ड्रॅक्युला ली’ असं लिहिणाऱ्यांनीही थांबावं. 1953 च्या तुर्की सिनेमात ड्रॅक्युलाला सुळे होते.)

उन्हाचं प्रकरण थोडक्यात. ‘मूळ कादंबरीप्रमाणे तो उन्हात जळतो’ हे साफ चूक. स्टोकरच्या 1897 च्या कादंबरीत ड्रॅक्युला लंडनच्या पिकॅडिलीत दिवसाढवळ्या फिरतो, दिवसा त्याची ताकद कमी पडते इतकंच. तो मरतो शस्त्रानं, आणि त्यातलं एक शस्त्र चक्क गुरख्यांची कुकरी आहे. ऊन आणलं मुर्नाउच्या ‘नोस्फेराटू’नं, त्या 1922 च्या मूकपटानं. स्टोकरच्या पत्नीनं कोर्टात खेचून त्याच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम मिळवला, तरी काही वाचल्या. लुगोसी उन्हात मरत नाही. व्हॅन हेल्सिंग त्याच्या छातीत खुंटा ठोकतो तेव्हा कॅमेरा दुसरीकडे असतो, आपल्याला फक्त विव्हळणं ऐकू येतं; पुढे सिनेमा पुन्हा लागला तेव्हा ते विव्हळणंही कापलं होतं. लीचं मरण मात्र पोटभर दाखवलंय. कुशिंग टेबलावरून धावत जाऊन पडदे ओरबाडतो, दोन मेणबत्तीदाण्या एकमेकींवर आडव्या धरून क्रूस करतो आणि त्याला उन्हाच्या पट्ट्यात रेटतो. या शेवटाचे सेन्सॉरनं गाळलेले काही तुकडे 2011 मध्ये जपानमधल्या प्रिंटमध्ये सापडले. आता जी प्रत बघाल ती त्या तुकड्यांसकट असलेली बघा.

आणि संगीत. 1931 च्या सिनेमात श्रेयनामावलीला ‘स्वान लेक’चा तुकडा आणि नाट्यगृहातल्या प्रसंगात वाजतं तेवढं सोडलं तर पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. बोलपट नवीन होता, ही सवयच नव्हती. डिस्कवर आज जे व्हायोलिन ऐकू येतं ते फिलिप ग्लासनं नव्वदीच्या दशकाअखेर बसवलेलं. ते चालू ठेवून ‘1931 चं पार्श्वसंगीत काय ग्रेट’ म्हणणारे मला भेटलेत. ते बंद करा. किल्ल्यातली ती शांतता, लाकूड करकरतंय, लांब लांडगे, आणि लुगोसी म्हणतो की मी कधी पीत नाही... मग विराम... वाइन. तो विराम व्हायोलिननं भरायचा नसतो. याउलट जेम्स बर्नार्डचं 1958 चं संगीत सिनेमाचं अर्धं अंग आहे. त्याचे सलामीचे तीन ठोके नीट ऐका, ‘ड्रॅ-क्यु-ला’ असंच वाजतं.

माझी पसंती लपवत नाही. ड्रॅक्युला लुगोसीचा, व्हॅन हेल्सिंग कुशिंगचा, सिनेमा फिशरचा. लुगोसीच्या सिनेमाची पहिली वीस मिनिटं कशालाही देणार नाही, पण नंतर सगळे दिवाणखान्यात उभे राहून काय घडलं ते एकमेकांना सांगत बसतात. नाटकाचं नाटकच राहिलंय. त्याच सेटवर रात्रपाळीत वेगळ्या नटसंचाला घेऊन स्पॅनिश आवृत्ती काढली होती, तिचा कॅमेरा कितीतरी जास्त हलता आहे. फक्त तिच्यात लुगोसी नाही.

आपल्याकडे पोचला तो लीचा वंश. 1967 चा लाहोरचा ‘जिंदा लाश’ बघा, किंवा 1990 चा रामसेंचा ‘बंद दरवाजा’. त्यातला अनिरुद्ध अगरवालचा तो उंचच्या उंच व्हॅम्पायर, नेवला, नजरेनं काम करत नाही, अंगानं करतो. म्हणूनच बहुधा आपल्या माणसाला जुना ड्रॅक्युला म्हटलं की सुळे आठवतात. आणि याला मराठीत वेताळ म्हणू नका. वेताळ प्रेतात शिरतो, कोडी घालतो, राजाच्या खांद्यावर बसतो. कुणाच्या मानेला तोंड लावत नाही. रक्तपिपासू म्हणा, नाहीतर व्हॅम्पायर म्हणा, चालतं.

फोटो ओळखायचा तर तोंड बघा. मिटलेलं असेल आणि डोळे तुमच्यावर रोखलेले असतील तर लुगोसी. उघडं असेल तर ली. हे मी ग्रुपवर लिहिलं, या खेपेला अंगठ्याऐवजी दोन बदाम आले. परवा त्याच मित्रानं नवा फोटो पाठवला: टक्कल, टोकदार कान, उंदरासारखे पुढचे दोन दात, लांबलचक नखं. 1922 च्या ‘नोस्फेराटू’तला माक्स श्रेक. खाली विचारलंय, ‘तोंड थोडं उघडं आहे. म्हणजे हा ली ना?’