सक्ती करायचीच, तर कोणत्या लशीची?

३ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याचे आरोग्यप्रमुख जोसेफ लाडापो यांनी लसीकरणाच्या सर्व सक्ती, शाळेतील मुलांवरील सक्तीसकट, उठवण्याचा इरादा जाहीर केला आणि बोलण्याच्या ओघात या सक्तीचा संबंध थेट गुलामगिरीशी जोडला. अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत शाळाप्रवेशाच्या वेळी ठरावीक लशी घेतल्याचा दाखला द्यावा लागतो, त्यामुळे ही घोषणा गाजली. आपल्याकडे हा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. ‘माझ्या मुलाला काय टोचायचे ते मी ठरवीन’ हे एक, आणि ‘तुमच्या मुलांनी लस घेतली आहे ना, मग माझ्या मुलाची काळजी तुम्हाला कशाला?’ हे दुसरे. पहिल्या वाक्याचा निकाल विज्ञानाला एकट्याने लावता येणार नाही. दुसरे वाक्य मात्र चुकीचे आहे, आणि ते का चुकीचे आहे हे समजायला शाळेतले अपूर्णांक पुरतात.

उदाहरण गोवराचे घेऊ, कारण त्याच्याइतक्या वेगाने पसरणारे आजार मोजकेच आहेत. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही त्याच्या खोकल्यातून बाहेर पडलेला विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो. ज्या वस्तीत कोणाकडेच प्रतिकारशक्ती नाही, तिथे एक रुग्ण सरासरी किती जणांना आजार देईल, त्या संख्येला साथरोगशास्त्रात मूळ पुनरुत्पादन संख्या म्हणतात. गोवरासाठी ती साधारणपणे १२ ते १८ धरली जाते. सोयीसाठी आपण १५ घेऊ. आता वस्तीतील निम्म्या लोकांना प्रतिकारशक्ती असेल, तर तोच रुग्ण पंधराऐवजी साडेसात जणांना आजार देईल. साथ विझायची, तर एका रुग्णामागे एकापेक्षा कमी नवा रुग्ण तयार व्हायला हवा. म्हणजे प्रतिकारशक्ती नसलेल्यांचे प्रमाण पंधरातल्या एकाच्या खाली, म्हणजेच ६.७ टक्क्यांच्या खाली आले पाहिजे आणि उरलेल्या ९३.३ टक्के लोकांना संरक्षण असले पाहिजे. सामूहिक प्रतिकारशक्ती म्हणतात ती हीच. रोगप्रतिकारशक्ती वाढवणारे म्हणून जे काढे आणि चूर्णे विकली जातात, त्यांचा या हिशेबाशी काडीचा संबंध नाही.

पण संरक्षण असणे म्हणजे लस टोचून घेतलेली असणे नव्हे, आणि मला या विषयातला सर्वांत सुंदर वाटणारा भाग इथूनच सुरू होतो. आपल्या सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेला लशीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर दिला जातो. त्याआधी आईकडून मिळालेली प्रतिद्रव्ये (अँटिबॉडीज) बाळाच्या रक्तात फिरत असतात, आणि ती लशीतल्या दुबळ्या केलेल्या विषाणूला काम करू देण्याआधीच गाठतात. नवव्या महिन्यातही काही बाळांच्या रक्तात त्यांचा अंश उरलेला असतो, म्हणून त्या वयात दिलेला डोस शंभरांपैकी सुमारे ८५ मुलांनाच लागू पडतो. आता ९३.३ ला ०.८५ ने भागा. उत्तर येते जवळपास ११०. याचा अर्थ असा की, केवळ या एका डोसवर विसंबून गोवर थांबवायचा असेल, तर ११० टक्के मुलांना लस द्यावी लागेल, आणि तेवढी मुले कोणत्याच गावात नसतात.

म्हणून सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरा डोस दिला जातो. त्याला बरेच लोक बूस्टर, म्हणजे ओसरलेली प्रतिकारशक्ती पुन्हा वाढवणारा डोस, म्हणतात, ते बरोबर नाही. गोवराचा दुसरा डोस मुख्यतः पहिला डोस ज्यांना लागूच पडला नाही अशा मुलांसाठी असतो. ती मुले कोणती हे बाहेरून कळत नाही, म्हणून तो सगळ्यांनाच द्यावा लागतो. दोन्ही डोस मिळून संरक्षण सुमारे ९७ टक्क्यांपर्यंत जाते. ९३.३ भागिले ०.९७ म्हणजे ९६ टक्क्यांहून थोडे अधिक. सार्वजनिक आरोग्याच्या अहवालांत वारंवार दिसणारा ९५ टक्क्यांचा आकडा या घरातला आहे, आणि त्यात ढिलाईला फारशी जागा नाही. तुमच्या मुलाने लस घेतली असेल तर काळजी कशाला, या प्रश्नाचे उत्तरही इथेच मिळते. शंभरातली तीन मुले दोन्ही डोस घेऊनही असुरक्षित राहतात, नऊ महिन्यांखालील बाळे लशीच्या वयाला पोहोचलेली नसतात, आणि कर्करोगावर उपचार चालू असलेल्या मुलांना ही जिवंत विषाणूंची लस देताच येत नाही. या सर्वांचे संरक्षण शेजाऱ्याच्या दंडावर टोचलेल्या सुईत असते.

आणखी एक पायरी चढू. इथे थोडे सावकाश वाचावे लागेल. समजा, प्रत्येकी एक हजार विद्यार्थ्यांच्या दोन शाळा आहेत. एकीत ९९ टक्के मुलांचे दोन्ही डोस झाले आहेत आणि दुसरीत ९१ टक्के मुलांचे. सरासरी बरोबर ९५ येते आणि कागद पाहणारा अधिकारी निर्धास्त होतो. पहिल्या शाळेत असुरक्षित मुले सुमारे ४ टक्के आहेत. त्यांना पंधराने गुणले की ०.६ येतात, म्हणजे साथ आपोआप विझेल. दुसऱ्या शाळेत असुरक्षित मुले सुमारे ११.७ टक्के आहेत. त्यांना पंधराने गुणले की १.७६ येतात, म्हणजे साथ वाढत जाईल. विषाणूला सरासरी कळत नाही, त्याला समोरचा वर्गच कळतो. टेक्सास राज्यात बालवाडीच्या मुलांचे गोवर लसीकरण सरासरीने ९० टक्क्यांच्या वर होते, पण त्याच राज्यातील गेन्स काउंटीत ते ८२ टक्क्यांच्या आसपास होते. २०२५ च्या जानेवारीत साथ सुरू झाली ती तिथे. ऑगस्टमध्ये ती संपल्याचे जाहीर होईपर्यंत राज्यात ७६२ रुग्ण नोंदले गेले होते आणि दोन मुले दगावली होती. दोघांनीही लस घेतलेली नव्हती.

हे सगळे शाळेपाशीच का येऊन ठेपते? पुरळ दिसलेल्या मुलाला घरी ठेवले की झाले, असे पुष्कळांना वाटते. परंतु गोवराचा रुग्ण पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून संसर्ग देत असतो, आणि त्या चार दिवसांत तो साधी सर्दी-तापाची कुरकुर घेऊन बाकावर तिघांच्या मध्ये बसलेला असतो. पुरळ दिसल्यावर आपल्याकडे काही घरांत आजही ‘देवीची कृपा’ म्हणून कडुलिंबाचा पाला अंथरला जातो आणि ‘गोवर पूर्ण बाहेर येऊ द्या’ म्हणत डॉक्टरांकडे जाणे टाळले जाते. पाल्याने फारसे काही बिघडत नाही. पण या उशिरापायी न्यूमोनिया झालेली मुले दगावतात, आणि सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारा अ जीवनसत्त्वाचा डोसही राहून जातो.

तथापि, गोवराचे हे गणित सर्व लशींना सरसकट लावणे हा सक्तीच्या समर्थकांचा नेहमीचा आळस आहे. धनुर्वाताचे जंतू मातीतून जखमेत शिरतात, एका मुलाकडून दुसऱ्याकडे जात नाहीत. ती लस न घेणारा मुलगा स्वतःचा जीव धोक्यात घालतो, शेजारच्या बाकावरच्या मुलाचा नव्हे. घटसर्पाची लस जंतूच्या विषाविरुद्ध असते. ती आजारापासून उत्तम वाचवते, पण जंतूला घशात मुक्काम करण्यापासून तितक्या खात्रीने रोखत नाही. म्हणून सक्ती हवी की नको हा एकच एक प्रश्न नाही. प्रत्येक लशीसाठी तो वेगळा विचारावा लागतो, आणि त्यात इतरांच्या संरक्षणाचा युक्तिवाद गोवराच्या बाबतीत जितका भक्कम उभा राहतो तितका क्वचितच दुसऱ्या कोणत्या लशीच्या बाबतीत राहतो.

सक्तीने आकडे वाढतात का? वाढतात. इटलीने २०१७ मध्ये दहा लशी सक्तीच्या केल्या. लस न घेतलेल्या बालकांना बालवाडीचे दार बंद झाले आणि मोठ्या मुलांच्या पालकांना दंड लागू झाला. तिथे गोवराचे लसीकरण २०१६ मधील सुमारे ८७ टक्क्यांवरून २०१९ पर्यंत ९४ टक्क्यांच्या पुढे गेले. कॅलिफोर्नियात डिस्नीलँडमधून पसरलेल्या साथीनंतर २०१५ मध्ये वैयक्तिक श्रद्धेच्या नावाखाली मिळणारी सूट रद्द झाली आणि लसीकरण वाढले. मात्र पाठोपाठ वैद्यकीय कारणाने सूट मागणाऱ्यांची संख्याही फुगली, आणि २०१९ मध्ये त्यासाठी दुसरा कायदा करावा लागला.

भारतात हेच जसेच्या तसे उचलून आणावे, असे मला वाटत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये शाळांमधील गोवर-रुबेला मोहिमेसाठी पालकांची संमती आवश्यक मानली, आणि २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोणालाही लस घेण्याची जबरदस्ती करता येणार नाही, परंतु सार्वजनिक हितासाठी वाजवी मर्यादा घालता येतील, असा निर्णय कोविड लशीच्या संदर्भात दिला. शिवाय सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क आहे. लशीअभावी प्रवेश नाकारला, तर मुलाची शाळा जाईल, शाळेतले दुपारचे जेवण जाईल, आणि लस तरीही मिळालेली नसेल.

मुंबईत २०२२ च्या अखेरीस गोवंडीतून गोवराची साथ उसळली, त्या वस्तीत काही घरांत लशीविषयी संशय होता हे खरे. पण कोविडच्या काळात बुडालेली सत्रे, भाड्याच्या खोल्या बदलत राहणारी कुटुंबे आणि रोजंदारी सोडून रांगेत उभे राहणे न परवडणाऱ्या आयाही तितक्याच खऱ्या होत्या. या लशीची कुपी एकदा द्रावण मिसळून तयार केली की चार तासांत वापरावी लागते, उरलेली फेकून द्यावी लागते. एका कुपीत अनेक मुलांचे डोस असतात. सत्राच्या शेवटी एकच मूल आले, तर नवी कुपी फोडावी असा नियम आहे; पण डोस वाया गेल्याबद्दल वरून विचारणा होईल या धास्तीने ‘पुढच्या बुधवारी या’ असे सांगितले जाते. तो बुधवार कित्येकदा येत नाही. अशा आईला दंड करून काय साधणार?

माझ्या मते सक्ती करायची ती सरकारवर आणि शाळेवर करावी. पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी लसीकरण कार्ड तपासणे बंधनकारक असावे, प्रवेश मात्र कोणाचाही रोखू नये. राहिलेल्या डोसांची यादी मुख्याध्यापकांनी त्याच आठवड्यात आरोग्य केंद्राला द्यावी आणि परिचारिकेने कुपी घेऊन शाळेत यावे. नकार देणाऱ्या पालकांनी तो लेखी द्यावा. शाळेत गोवराचा रुग्ण आढळला, तर लस न घेतलेल्या मुलांना शेवटच्या संपर्कापासून २१ दिवस घरी ठेवावे. विषाणूचा अधिशयन काळ, म्हणजे संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ, जास्तीत जास्त तेवढा असतो. शाळेतच लस देण्याची अशी मोहीम माझ्या भाचीच्या शाळेत २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये झाली होती. वर्गाबाहेर ओळ लागली, उजव्या दंडावर सुई, डाव्या अंगठ्यावर मार्करची खूण, मग अर्धा तास शेजारच्या खोलीत सतरंजीवर बसणे. तिला सुई आठवत नाही. अंगठ्यावरची शाई जाऊ नये म्हणून संध्याकाळी तिने एकाच हाताने जेवायचा हट्ट धरला होता, तो मात्र अजून आठवतो.