हलक्या लॅपटॉपवरील दुहेरी बूट

एकाच लॅपटॉपवर दोन ऑपरेटिंग सिस्टीम बसवून, मशीन सुरू करताना हवी ती निवडण्याच्या सोयीला दुहेरी बूट किंवा ड्युअल बूट म्हणतात. मुंबईत ही जोडी बहुधा विंडोज आणि उबुंटू, मिंट किंवा फेडोरा अशा एखाद्या लिनक्सची असते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला प्रॅक्टिकलसाठी लिनक्स लागते, तर घरच्यांचे टॅली विंडोजवरच चालते. लॅपटॉप मात्र एकच. लिनक्स नवीन असेल त्यांच्यासाठी पवईच्या आयआयटी मुंबईतील स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मराठीतूनही आहेत.

लोकलच्या गर्दीत सॅक छातीशी धरून उभे राहणाऱ्याला सव्वा किलोचा लॅपटॉपच परवडतो. पण या हलकेपणासाठी बरेचदा रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते आणि स्वस्त मॉडेलमध्ये एसएसडीऐवजी ३२ किंवा ६४ जीबीची ईएमएमसी ही साधी साठवणुकीची चिप असते. विंडोज ११ ची किमान अट ६४ जीबी साठवणुकीची आहे. म्हणून ६४ जीबीच्या मशीनवर दोन सिस्टीम कोंबू नयेत. तिथे एकटे लिनक्स बरे. २५६ जीबीची एसएसडी असेल तर दोन्ही सुखाने नांदतात.

बसवण्याआधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स, म्हणजे न बसवताच चालणारे लिनक्स, चालवून वायफाय, टचपॅड आणि आवाज तपासावा. त्यात डिस्कला हात लागत नाही. मग डेटाचा बॅकअप घ्यावा आणि विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह आकसून जागा मोकळी करावी. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्क-कुलूप, चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधीच कागदावर लिहून ठेवावी, कारण बूटच्या सेटिंगमध्ये बदल झाला की विंडोज ती मागू शकते. मशीन सुरू करणाऱ्या फाइली ठेवणारे ईएफआय पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) दोन्ही सिस्टीम वाटून वापरतात. ते कधीही फॉरमॅट करू नये. ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, दुकानदाराकडून काम करून घेतानाही ही गोष्ट आवर्जून सांगावी.

विंडोजचे फास्ट स्टार्टअप बंद करणे आवश्यक आहे. ते चालू असताना शट डाउन केले तरी विंडोज अर्धवट झोपलेली राहते आणि लिनक्समधून सी ड्राइव्हवर लिहिता येत नाही.

घड्याळाचा घोटाळा इथे हमखास होतो. लिनक्स मदरबोर्डवरचे घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, ठेवते, विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजते. मुंबईची वेळ यूटीसीच्या ५ तास ३० मिनिटे पुढे असल्याने लिनक्समधून विंडोजमध्ये गेल्यावर सकाळी साडेदहाला पहाटेचे पाच वाजलेले दिसतात. लिनक्सला हे घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगितले की प्रश्न मिटतो.

क्रोमबुकची गोष्ट वेगळी. २०१८ पासून अनेक क्रोमबुकमध्ये क्रोमओएसच्या आतच, आभासी यंत्रात डेबियन लिनक्स चालते. वेगळे पार्टिशन लागत नाही, रीबूटही नाही. दुसऱ्या सिस्टीमची गरज फक्त टर्मिनल आणि कोडिंगपुरती असेल तर हाच मार्ग सर्वांत सुरक्षित.

लिनक्स काढून टाकायचे झाल्यास आधी बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, विंडोज बूट मॅनेजर पहिल्या क्रमांकावर आणावा, मगच पार्टिशन पुसावे. उलट क्रमाने केले तर मशीन ग्रबच्या, म्हणजे सुरुवातीला सिस्टीम निवडू देणाऱ्या लिनक्सच्या प्रोग्रामच्या, रेस्क्यू नावाच्या काळ्या पडद्यावर अडकू शकते.