रेसलमेनिया ३ : आंद्रेला उचललं त्या रात्रीमागची गोष्ट

केबलवर डब्ल्यूडब्ल्यूएफ बघत आणि ट्रम्प कार्डं खेळत मोठे झालेल्यांना हल्क होगन माहीत असतोच, पण ज्या मॅचमुळे तो एवढा मोठा झाला ती आपल्याकडे केबल यायच्या आधीची आहे. डब्ल्यूडब्ल्यूएफच्या सगळ्यात मोठ्या शोचा, म्हणजे रेसलमेनियाचा, तिसरा भाग, आणि त्यात होगन विरुद्ध आंद्रे द जायंट. २९ मार्च १९८७, डेट्रॉइटजवळच्या पॉन्टिॲकमधलं सिल्व्हरडोम स्टेडियम.

त्याआधी अमेरिकेत रेसलिंग म्हणजे वाटून घेतलेले इलाके होते. प्रत्येक प्रमोटरचा आपला भाग, आपले पैलवान, आपलं लोकल टीव्ही चॅनल, आणि दुसऱ्याच्या हद्दीत पाय ठेवायचा नाही असा अलिखित करार. विन्स मॅकमहननी १९८२ मध्ये वडिलांकडून डब्ल्यूडब्ल्यूएफ चालवणारी कंपनी विकत घेतली आणि हा करार सरळ धाब्यावर बसवला, बाकीच्यांचे स्टार उचलले, होगनही तसाच मिनेसोटातून आणलेला. १९८५ ला पहिला रेसलमेनिया न्यूयॉर्कला झाला, दुसरा एकाच वेळी तीन शहरांत केला आणि तो जरा विस्कळीतच झाला. तिसऱ्याला मात्र सगळं एकाच छपराखाली, आणि छप्पर केवढं तर फुटबॉलच्या स्टेडियमचं! ड्रेसिंग रूमपासून रिंग इतकी लांब की पैलवानांना छोट्या रिंगसारख्या दिसणाऱ्या गाड्यांवरून आणावं लागलं.

एवढं स्टेडियम भरायचं तर स्टोरीही तशीच पाहिजे. आंद्रे द जायंट हा लोकांचा लाडका, होगनचा दोस्त. त्याला अचानक व्हिलन मॅनेजर बॉबी हीननच्या बाजूला उभा केला, त्याने टीव्हीवर होगनचा शर्ट आणि गळ्यातला क्रॉस फाडून काढला, झालं, भांडण तयार. सांगितलं काय, तर आंद्रे १५ वर्षं हरलेला नाही आणि त्याला कोणी उचलून आपटलेलं नाही. दोन्ही थापा. खुद्द होगननेच १९८० मध्ये शे स्टेडियमवर त्याला बॉडीस्लॅम दिला होता, फक्त तेव्हा होगन व्हिलन होता आणि ते आठवून देणारं इंटरनेट नव्हतं.

खरं काय ते वेगळंच होतं. आंद्रेच्या पाठीचं ऑपरेशन झालेलं, ज्या आजाराने तो एवढा वाढला त्याच आजाराने शरीर पोखरत आणलेलं, काळ्या सिंगलेटच्या आत पट्टा बांधून तो रिंगमध्ये आला. कागदावर वजन ५२० पाउंड (होगन पुढे हा आकडा दरवेळी वाढवून सांगायचा, तेवढं सोडून द्या). एवढा माणूस स्वतःला उचलू देत नाही तोवर तो उचलला जात नाही, म्हणजे होगनला ती मॅच जिंकवली आंद्रेने. मॅच म्हणून बघायला गेलं तर संथ आहे, खरं सांगायचं तर कंटाळवाणी. पण तो एक स्लॅम आणि नंतरचा लेगड्रॉप (पडलेल्याच्या अंगावर पाय आपटणं), त्यासाठी लोक अजून ती बघतात.

पैलवान लोक मात्र त्याच रात्रीची दुसरी मॅच बघून शिकले. रँडी सॅव्हेज विरुद्ध रिकी स्टीमबोट, इंटरकॉन्टिनेंटल बेल्टसाठी (कंपनीचा दुसऱ्या नंबरचा किताब), जेमतेम पंधरा मिनिटं. तेव्हा बहुतेक जण रिंगमध्येच एकमेकांच्या कानात सांगून मॅच पुढे न्यायचे, सॅव्हेजने आधी सगळं कागदावर उतरवलं आणि दोघं एकमेकांची तोंडी परीक्षा घेतल्यासारखं पाठ करत बसायचे. आता मोठ्या मॅचेस आधीच ठरवून बसवतात त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

गर्दीचा आकडा कंपनीने सांगितला ९३,१७३. रेसलिंगवर लिहिणारे डेव्ह मेल्टझर म्हणतात साधारण ७८,०००. हा वाद चाळीस वर्षं होत आली तरी मिटलेला नाही, आणि कंपनीने मात्र २०१६ ला डॅलसजवळ १,०१,७६३ जाहीर करेपर्यंत हाच रेकॉर्ड मिरवला.

पुढच्या फेब्रुवारीत होगन आणि आंद्रेची परत मॅच झाली, तीही एनबीसी या टीव्ही चॅनलवर फुकट, अमेरिकेत ३ कोटी ३० लाख लोकांनी बघितली. आंद्रे १९९३ मध्ये गेला, होगन जुलै २०२५ मध्ये. सिल्व्हरडोम २०१७ च्या डिसेंबरमध्ये स्फोटकं लावून पाडायला घेतलं, धमाके झाले, धूर झाला, आणि स्टेडियम तसंच उभं. दुसऱ्या दिवशी परत बार उडवले तेव्हा कुठे वरचा भाग खाली आला.