चित्र घरोघरी पोचवायचं तर…
(चित्रकार ग्राहकांसाठी आमच्या छापखान्याचं माहितीपत्रक)

नवा चित्रकार दुकानात आला की पहिला प्रश्न ठरलेला: "हजार प्रतींना किती?" आमचा उलट प्रश्न असतो, त्या हजार द्यायच्या कोणाला? उत्तर नसेल तर पन्नासच छापा. धंद्याच्या हिशेबाने हा वेडेपणा आहे, पण दिवाणात पडून राहिलेले गठ्ठे आम्ही पाहिलेत, आणि त्यातले काही आमच्याच मशीनवर छापलेले होते.

चित्र छापून घराघरात पोचवण्याची युक्ती काही आजची नाही. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. ज्यांना तैलचित्र विकत घेणं स्वप्नातही शक्य नव्हतं, त्यांच्या भिंतीवर लक्ष्मी-सरस्वती आल्या त्या छापील चित्रांमुळे. तुम्हालाही अशाच वाटा शोधायच्या आहेत, ज्या आधीपासून लोकांच्या घरात जातात.

आमची सगळ्यात आवडती वाट म्हणजे संक्रांतीचं वाण. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालतात आणि दरवर्षी "यंदा काय लुटायचं?" हा प्रश्न असतोच. प्लॅस्टिकच्या डब्या देऊन बायकाही कंटाळल्यात. चार चित्रकार्डांचा संच पाकिटात घालून द्या. एका घरातून पंचवीस-तीस संचांची मागणी येते आणि तेवढ्याच नव्या घरांत तुमचं नाव जातं. १३ × १९ इंची कागदावर ४ × ६ ची नऊ कार्डं बसतात. नऊही चित्रं वेगळी ठेवलीत तरी डिजिटल छपाईचा खर्च तोच. मात्र नोव्हेंबरातच या, जानेवारीत आमच्याकडे पत्रिकांची गर्दी असते.

दुसरी वाट वाचनालयांची. दिवाळी अंकांची योजना चालवणाऱ्या वाचनालयाला तुमच्या चित्राच्या खुणपट्ट्या फुकट द्या. पानं दुमडायची थांबतात म्हणून ग्रंथपाल खूश, आणि मागे क्यूआर कोड असला की वाचक तुमच्यापर्यंत येतो.

पुस्तिका काढायची असेल तर ए४ चा एकच कागद घ्या. मधे एक काप, मग घड्या, की आठ पानी पुस्तिका तयार. पिन लागत नाही. छपाई एकाच बाजूला होते, म्हणून उलट्या बाजूला अख्खं पोस्टर घालता येतं.

मर्यादित आवृत्ती काढलीत तर चित्राखाली पेन्सिलने १/५० (म्हणजे पन्नासातली पहिली प्रत) असा क्रमांक आणि सही करा. पन्नास सांगून एक्कावन्नावी प्रत मागायला मात्र येऊ नका, आम्ही छापणार नाही.

हक्कांचं थोडं. मूळ चित्र विकलंत तरी, लेखी लिहून दिलं नसेल तर, छापायचा हक्क तुमचाच राहतो. पण कोणी पैसे देऊन सांगून काढून घेतलेलं चित्र असेल आणि वेगळा करार नसेल, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने पहिला हक्क त्या माणसाचा. तशा चित्राला आम्ही त्यांचं लेखी संमतीपत्र मागतो. राग मानू नये.

फाइल ३०० डीपीआय (इंचामागे ३०० ठिपके), सीएमवायके (छपाईच्या चार शायांची रंगपद्धत), चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना पांढरी कड राहू नये म्हणून चित्राचा जादा भाग). व्हॉट्सॲपवर पाठवलीत तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पडद्यावरचा झगझगीत निळा कागदावर मंदावतो, तेव्हा एक प्रूफ, म्हणजे नमुना प्रत, हातात घेऊन, उजेडात बघून मगच 'छापा' म्हणा.